थर क्रमांक चौदा

बोलायला सुरुवात करण्याआधी हा लाकडाचा तुकडा पहिल्या रांगेत देतो. बघून मागे पाठवा, आणि हात लावायला कचरू नका. तीन मिलिमीटर जाडीचा प्लाय आहे. कडा जळून काळ्या पडल्यात, बोटाला थोडी काजळी लागेल. मधोमध, पुढचा थर बसला की झाकलं जाईल अशा जागी, १४ हा आकडा कोरलाय. हा हरिश्चंद्रगडाचा थर क्रमांक चौदा. समुद्रसपाटीपासून १,०२० मीटरवर त्या डोंगरातून आडवी करवत फिरवता आली असती तर जो छेद मिळाला असता, त्याचा हा आकार.

एकटा बघितला तर फाटक्या पानासारखा दिसतो. पण तुमच्यातले जे गडावर गेलेत त्यांनी उत्तरेचा बाण वर धरून डाव्या हाताची बाजू बघावी. तिथे घोड्याच्या नालेसारखा मोठा घास घेतलेला आहे. तो कोकणकडा. त्या एका वळणावरून डोंगर ओळखता येतो. असे वीस थर आणि खाली एक पूर्ण फळी, एवढ्यातून टेबलावरचा तो डोंगर उभा राहिला. तो कसा केला हे सांगणार आहेच, पण त्याहून जास्त मला हे सांगायचंय की त्यात यंत्राचं काम किती असतं आणि डोंगर पायाखाली घातलेल्या माणसाचं किती.

समोच्च रेषा शाळेत सगळ्यांनी पाठ केली. सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा. पेपरात दोन गुण मिळतात आणि विषय संपतो, कारण ही रेषा जमिनीवर कुठे काढलेली नसते. मी मुलांना एप्रिल-मे महिन्यात धरणावर घेऊन जा असं सांगतो. पाणी उतरत जातं तसतसे काठच्या उतारावर एकाखाली एक पट्टे उरतात. प्रत्येक पट्टा म्हणजे पाणी काही दिवस जिथे थांबलं होतं ती उंची. टेकाडाला तो वळसा घालतो, ओढ्याच्या तोंडाशी आत शिरतो, पुन्हा बाहेर येतो. जिथे उतार मंद तिथे पट्टे लांब लांब, जिथे कडा तिथे एकमेकांना खेटून. ते पट्टे नीट बघितले की नकाशा वाचता येतो. मग मी त्यांच्या हातात लाकूड देतो.

अशा रेषा काढून डोंगराचे थर करण्याची गोष्ट जुनी आहे. १७७४ साली इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलाइन यांनी स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराच्या दोन्ही बाजूंना मापं घेतली. डोंगराच्या ओढीने ओळंबा किती कलतो हे त्यांना मोजायचं होतं, म्हणजे त्यावरून पृथ्वीची घनता काढता येईल. पण त्यासाठी आधी डोंगरात दगड किती आहे हे ठरवायला हवं. ते काम चार्ल्स हटन या गणितज्ञाकडे आलं. त्यांच्यापुढे नुसते उंचीचे आकडे विखुरलेले होते. त्यांनी सारख्या उंचीचे आकडे रेषेने जोडले, आणि त्या गर्दीतून डोंगराचं रूप दिसायला लागलं. म्हणजे आज आपण ज्या रेषेवर लाकूड कापतो ती रेषा तेव्हाच डोंगराचं आकारमान मोजण्याच्या खटाटोपात वापरली गेली. पुढे १८९२ साली ब्लँथर नावाच्या गृहस्थांनी अमेरिकेत पेटंट घेतलं. मेणाच्या पातळ पत्र्यांवर समोच्च रेषा उमटवायच्या, त्या कापायच्या, एकावर एक रचायच्या आणि त्यावरून उठावाचा नकाशा करायचा. थ्रीडी प्रिंटिंगचा इतिहास सांगणारे लोक त्या पेटंटची आठवण काढतात. आपण टेबलावर करतो ते त्याच जातीचं काम आहे, मेणाच्या जागी लाकूड आणि सुरीच्या जागी लेझर.

या लेझरबद्दल एक गोष्ट मला प्रत्येक ठिकाणी सांगावीशी वाटते, कारण आपल्याकडे ती फार थोड्यांना माहीत असते. लाकूड कापणारा हा कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी तयार केला. त्यांचा जन्म बारामतीचा, १९३८ सालचा, आणि इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं, म्हणजे सीओईपीमधलं. काचेच्या नळीत वायूंचं मिश्रण भरायचं, त्यातून विजेचा दाब सोडायचा, की अवरक्त प्रकाश निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण लाकूड त्याला पूर्ण शोषून घेतं आणि तिथल्या तिथे जळून जातं. आज गल्लोगल्ली नेमप्लेट आणि लग्नपत्रिका कापणाऱ्या दुकानांत जी नळी निळसर-जांभळी उजळते, ती हीच. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा आली, तेव्हा अशी यंत्रं खेड्यातल्या मुलांच्या हाताशी येऊ शकतात हे पहिल्यांदा दिसलं. आता बहुतेक तालुक्याच्या गावी कटिंगवाला सापडतो. फक्त गणपतीच्या आधी दोन महिने त्याच्याकडे जाऊ नका. २०१८ मध्ये थर्मोकोलवर बंदी आली, आणि तेव्हापासून त्या दिवसांत त्याचं यंत्र रात्रंदिवस मखरं कापत असतं.

आता उंचीचे आकडे कुठून आणायचे? फेब्रुवारी २००० मध्ये नासाचं एंडेव्हर अंतराळयान ११ दिवस पृथ्वीभोवती फिरलं. त्यातून ६० मीटर लांबीचा दांडा बाहेर काढला होता, एक रडार यानात आणि एक त्या दांड्याच्या टोकाला. आपले दोन डोळे जसं अंतर ओळखतात तसं या दोघांनी मिळून जमिनीचा उठाव टिपला. ती माहिती कुणालाही फुकट उतरवून घेता येते. आपल्या इस्रोच्या कार्टोसॅट-१ उपग्रहावरून तयार झालेली उंचीची माहिती इस्रोच्याच भुवन या संकेतस्थळावर मिळते. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर त्या आकड्यांतून रेषा काढून देतं. ते शिकायला दोन संध्याकाळी पुरतात, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

वेळ घालवायचाय तो एका हिशेबावर. इथे घाई केली तर पुढचं सगळं लाकूड वाया जातं.

मी घेतलेला मुलूख पूर्व-पश्चिम १२ किलोमीटर आणि दक्षिणोत्तर ८ किलोमीटर आहे. फळी ६० सेंटिमीटर बाय ४० सेंटिमीटर. म्हणजे प्रमाण एकास वीस हजार. लाकडावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २० मीटर. प्लाय ३ मिलिमीटरचा, म्हणजे एक थर ६० मीटरचा. रेषा दर ६० मीटरला घेतल्या तर डोंगर जसा आहे तसाच उभा राहतो, एक तसूही फुगवलेला नाही. माझी पहिली रेषा २४० मीटरला आहे, शेवटची १,३८० मीटरला. तळाची फळी धरून डोंगराची उंची होते ६३ मिलिमीटर, जेमतेम चार बोटं.

आणि इथे मोह होतो. चार बोटांचा हरिश्चंद्रगड बघून माणूस म्हणतो, एवढाच? तिथे चढताना तर छाती फुटते. मग रेषा दर ४० मीटरला घ्यायच्या, थर तीस होतात, डोंगर दीडपट उंच होतो आणि बघणारा खूश. पुष्कळ ठिकाणी असं करावंच लागतं. पंढरपूरजवळच्या भीमेच्या खोऱ्याला ६० मीटरच्या पायरीने कापायला गेलात तर हातात एक सपाट फळी राहील, तिथे उंची फुगवण्याला पर्याय नाही. पण सह्याद्रीला मी तसं करत नाही. जो डोंगर मुळात भिंतीसारखा उभा आहे त्याला दीडपट ताणलं की त्याची प्रत्येक सोंड सुळक्यासारखी दिसते, आणि खरे सुळके त्या गर्दीत हरवतात. ज्यांना ताणायचंय त्यांनी ताणावं, पण किती ताणलं ते नकाशाच्या कोपऱ्यात लिहावं. बघणाऱ्याला ते कळायला हवं.

दुसरा हिशेब याहून नाजूक आहे. आकड्यांची जाळी ३० मीटरची आहे. म्हणजे ३० मीटर बाय ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची. माझ्या फळीवर तो चौकोन दीड मिलिमीटरचा. आणि लेझरची कापणी किती रुंद? साधारण ०.२ मिलिमीटर. म्हणजे यंत्राची रेषा माहितीपेक्षा कितीतरी बारीक आहे. कापलेली कड इतकी रेखीव दिसते की ती खरी वाटते, पण तो रेखीवपणा यंत्राचा आहे, मोजणीचा नाही. जीवधनजवळची वानरलिंगी डोळ्यांपुढे आणा. एवढा उंच सुळका, पण अंगाने बारीक. तीस मीटरच्या जाळीत तो टेंगळासारखा उरतो. त्यातून सॉफ्टवेअर रेषा मऊ करतं, आणि फार लहान तुकडे गाळून टाका असा एक पर्यायही देतं. तो पर्याय डोळे मिटून वापरू नका. गाळला गेलेला चार मिलिमीटरचा तुकडा कदाचित त्या मुलखातल्या लोकांचा देव असलेला सुळका असतो.

लाकडाबद्दल थोडं. दुकानात पहिल्यांदा गेलो तेव्हा मी चांगला म्हणून पाण्याला टिकणारा महागडा प्लाय आणला. लेझर त्यातून पार जाईना. त्याच्या पदरांमध्ये जो गडद रंगाचा फिनॉलचा गोंद असतो तो जळून कोळसा होतो आणि किरण तिथेच अडतो. अर्धी फळी कापली, अर्धी चिकटलेली, आणि वाढवलेल्या पॉवरमुळे खालून ज्वाळा. तेव्हापासून मी साधा अंतर्गत वापराचा प्लाय घेतो आणि विकत घेण्याआधी त्याची कड उन्हात धरून बघतो. मधल्या पदरात पोकळी असली की कापल्यावर तिथे किनार ढलपीसारखी सुटते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, स्वस्त आणि गुळगुळीत, सुंदर कापला जातो, पण कोकणातल्या एका पावसाळ्यात फुगतो. आणि एक गोष्ट कुणी कितीही आग्रह केला तरी करू नका. पीव्हीसी किंवा रेक्झिन यंत्रात घालू नका, त्यातून क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो. कापणी चालू असताना यंत्रासमोरून हलूही नका, हवेचा झोत बंद पडला तर प्लाय पेट घ्यायला अर्धा मिनिट लागत नाही.

फळीवर आधी मास्किंग टेप लावायची, म्हणजे धुराचे डाग टेपवर पडतात. प्रत्येक थरावर लेझरने दोन कामं करायची. जोराने बाहेरची रेषा कापायची, आणि हलक्या हाताने पुढच्या थराची रेषा नुसती कोरायची. ती कोरलेली रेघ म्हणजे पुढचा तुकडा कुठे बसणार याची खूण. शिवाय दोन लहान भोकं ठेवून त्यात बांबूच्या काड्या घातल्या की थर सरकत नाहीत. फेविकॉल कडेपासून पाच मिलिमीटर आत, पातळ. गोंदातल्या पाण्याने पातळ प्लाय वाकतो, म्हणून दर चार थरांनंतर वर सपाट फळी आणि शिकंजे, रात्रभर. वीस थरांची कापणी सव्वा तासात होते, चिकटवायला चार दिवस जातात.

लाकूड वाचवायची एक युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेल. एका फळीतून विषम क्रमांकाचे थर कांद्याच्या चकत्यांसारखे एकात एक कापायचे, दुसऱ्या फळीतून सम क्रमांकाचे, आणि दोन फळ्यांत आतून पोकळ डोंगर तयार. गोलसर टेकडीला ही युक्ती उत्तम चालते. हरिश्चंद्रगडाला चालत नाही. वरच्या चकतीला टेकायला खालच्या चकतीची जी पट्टी लागते, ती दोन रेषांमधल्या अंतराएवढीच असते, आणि कोकणकड्यावर रेषांमध्ये अंतर जवळजवळ नाहीच. सात-आठ थरांच्या कडा जवळजवळ एकावर एक येतात. चकती तिथे तुटते. म्हणून मी थर पूर्ण कापले, वरचे लहान थर एका फळीत दोन-दोन बसवले, आणि लाकडाचा खर्च सोसला.

मॉडेल झालं की बघणारा हमखास म्हणतो, अगदी सह्याद्रीसारखं दिसतं हो! ते खरंच आहे, आणि त्यामागे कारण आहे. हा डोंगर स्वतःच थरांचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले, आणि त्या बेसॉल्टला जगभर डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्दच जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. घट्ट लोटाचा कडा होतो, ठिसूळ लोट झिजून त्याचा पदर होतो. खालून वर चढताना कडा, पदर, कडा, पदर, मग माची, मग बालेकिल्ला. आपल्या भाषेत या प्रत्येक पायरीला नाव आहे.

पण लाकडाची पायरी आणि लाव्हाची पायरी एक नव्हे, आणि हे मला पहिलं मॉडेल झाल्यावर कळलं. माझी पायरी दर ६० मीटरला येते. लाव्हाने असं माप धरलेलं नाही. कुठला लोट दहा मीटरचा, कुठला त्याच्या पाचपट. एखादा सुंदर रुंद पदर, ज्यावरून अख्ख्या गावाची गुरं चरायला जातात, तो माझ्या दोन रेषांच्या मध्ये पडला तर लाकडात त्याचा मागमूस राहत नाही. आणि जिथे सलग उतार आहे तिथे पायऱ्या दिसतात. त्यावर उपाय आहे. पायरी ६० मीटरचीच ठेवायची, पण सुरुवात वर-खाली सरकवून बघायची. २२०, २३०, २४०. प्रत्येक वेळी सगळ्या रेषा सरकतात, आणि कधीतरी एक रेषा नेमकी पदराच्या काठावर येऊन बसते. मी तीन वेळा कागदावर छापून बघितलं आणि २४० घेतलं. हे कुठलंही यंत्र सांगत नाही. कुठला पदर राहिला पाहिजे हे ज्याला माहीत आहे त्यालाच ते ठरवता येतं.

म्हणून पहिलं मॉडेल घेऊन मी गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावी गेलो. तिथे एका घराच्या ओटीवर ते ठेवलं. एक म्हातारे बाबा बराच वेळ लांबून बघत होते. मग पुढे आले, बसले, आणि विचारलं, "आमचं गाव कुठशी?" मी दाखवलं. त्यांनी अंगठा तिथे टेकवला आणि तिथून वर सरकवत नेला. नकाशा आयुष्यात बघितला नसेल, पण अंगठा चुकत नव्हता. एका ओहोळापाशी थांबले, म्हणाले, "हितं पानी आसतंय." अंगठा माथ्यावरून पलीकडे गेला, कोकणकड्याच्या काठावरून खाली उतरला, आणि त्यांनी मान हलवली.

"दादा, कडा आसा उतरता न्हाई. पोटात गेलाय त्यो. काठावनं दगुड सोडला तर मधी कुठं लागत न्हाई."

मी त्या वाक्यावर बरेच दिवस विचार केला. कोकणकडा वरून पुढे झुकलेला आहे, आतून पोकळ झालेला आहे, हे तिथे पोटावर झोपून खाली डोकावणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मग माझ्या लाकडात तो उतरता का आला? कारण उंचीच्या त्या जाळीत एका चौकोनाला एकच उंची लिहिता येते. काठाच्या खाली पोकळी आहे हे लिहायला जागाच नाही. शिवाय रडार तिरपं बघतं, उभ्या कड्यामागचा भाग त्याला दिसत नाही, आणि राहिलेल्या रिकाम्या जागा आजूबाजूच्या आकड्यांवरून भरलेल्या असतात. कड्याचा उतार होतो तो असा. छापील नकाशातही झुकलेला कडा दाखवायचा तर वरची रेषा खालच्या रेषेला ओलांडून पुढे जायला हवी, आणि तसं झालं की वाचणारा गोंधळतो.

लाकडाला मात्र ही अडचण नाही. वरचा थर खालच्या थरापेक्षा एक मिलिमीटर पुढे काढला तर तो खुशाल पुढे राहतो. मी दुसऱ्या मॉडेलसाठी दोन्ही बाजूंनी काढलेले कड्याचे फोटो समोर ठेवले, काठाचे थर तसेच ठेवले, आणि त्यांच्या खालचे पाच थर चिकटवण्याआधी कानशीने आत घासले. सर्वांत आतल्या थराला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे जमिनीवरचे वीस मीटर. त्या पाच थरांची कापलेली काळी कड गेली आणि तिथे लाकडाचा पांढरा रंग उघडा पडला, तो मी रंगवला नाही. तळाच्या फळीच्या मागे लिहून ठेवलं, की एवढा भाग हाताने केलेला आहे, मोजणीतला नाही.

पुढच्या वेळी पाचनईला गेलो तेव्हा बाबांनी अंगठा वापरला नाही. करंगळी कड्याच्या काठाखाली घातली आणि तिथेच ठेवली.

ते दुसरं मॉडेल समोरच्या टेबलावर आहे. प्रश्न विचारण्याआधी एकेका रांगेने पुढे या. पाचनईजवळ पितळेची टाचणी टोचलीय, तिथून बोट ठेवून वर चढा, आणि पलीकडे पोहोचलात की काठाखाली हात घालून बघा.